स्लॅब ओतण्यापूर्वी एक रिकामी नळी

आपल्या बेटावर घराचा स्लॅब ओतण्याचा दिवस म्हणजे घरचे कार्यच. पहाटेपासून काका-मामा, शेजारीपाजारी जमतात, दुपारी सर्वांची जेवणे होतात. पाण्याचे नळ, विजेचे दिवे, देवघराची जागा, सारे आधी ठरलेले असते. इंटरनेटचा विचार मात्र क्वचितच होतो. "तो डबा काय, दिवाणखान्यात ठेवला की झाले!" असे म्हणतात. आमच्या मते ही चूक आहे, आणि स्लॅब सुकल्यावर ती सुधारणे महागात पडते.

१९६० साली आलिक्स आणि कॅरोल ही चक्रीवादळे आली, लाकडा-पत्र्याची असंख्य घरे गेली. त्यानंतर आपण काँक्रीटकडे वळलो, हे योग्यच झाले. परंतु लोखंडी सळ्यांचा जो स्लॅब वादळाला दाद देत नाही, तो वायफायच्या लहरींनाही सहज वाट देत नाही. खाली आईवडील, वर मुलगा-सून अशी आपली घरे. डबा खाली असला की वरच्या खोलीत लहरी क्षीण. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा आमचे काही विद्यार्थी जिन्यात बसून धडे घेत. घर नवे, रंग नवा, आणि अभ्यासाला जिन्याची पायरी!

मग करावे काय? जे जागेवर राहते त्याला तार, जे हातात फिरते त्याला बिनतारी, हा सोपा नियम. दूरदर्शन संच आणि अभ्यासाच्या टेबलावरचा संगणक यांना तार द्यावी. प्रत्येक मजल्यावर मध्यभागी, छताजवळ वायफायचे एक यंत्र बसवावे. त्यालाही तारच जोडावी. फायबर घरात येते तेथे एक हवेशीर कपाट करून सर्व तारा तेथे आणाव्यात. कॅट-६ तार १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट नेते. एवढे लांब घर आपल्यात कोणाचे आहे? मात्र ती शुद्ध तांब्याची घ्यावी आणि विजेच्या तारेबरोबर एकाच नळीत घालू नये.

कोणी म्हणतील, वायफाय उद्या सुधारेलच. सुधारेल, पण ५ गिगाहर्ट्‌झच्या वेगवान लहरी भिंतीपुढे २.४ च्या लहरींपेक्षा लवकर थकतात.

पैसा कमी असेल तर तारा नंतर घाला. आज प्रत्येक खोलीपर्यंत फक्त प्लास्टिकची रिकामी नळी टाका, वळणे सैल ठेवा, आत एक दोरी ओवून ठेवा. आपले वडील गच्चीवर सळ्या उभ्या सोडून गेले, त्या कशासाठी? मुलांनी पुढचा मजला चढवावा म्हणून. ही रिकामी नळी म्हणजे तशीच एक सळई आहे. मिस्त्रीला हे उद्या नव्हे, आजच सांगा.