आरोग्य केंद्राचा मुका फलक

महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतून तपासणी व उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय १५ ऑगस्ट २०२३ पासून अमलात आला. केसपेपरचे किरकोळ शुल्कही त्यायोगे रद्द झाले. निर्णय स्वागतार्ह होता, यात शंका नाही. परंतु शुल्क माफ झाले की रुग्णाचा खर्च संपला, ही समजूत शहरात बसून फायली लिहिणाऱ्यांची आहे. वाडीवस्तीवरून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत येणाऱ्या माणसाचा खरा खर्च केंद्राच्या दाराशी पोचण्यापूर्वीच झालेला असतो. एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी! एवढे करून तो दारात उभा राहतो, आणि मग त्याला सांगण्यात येते की लस संपली आहे, रक्त तपासणारा कर्मचारी प्रशिक्षणाला गेला आहे किंवा डॉक्टर तालुक्याच्या बैठकीस गेले आहेत. हे सारे आदल्या दिवशी केंद्रात सर्वांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त रुग्णाला.

केंद्राच्या भिंतीवर फलक नसतो असे नव्हे. उलट फलकांची रेलचेल असते. आरोग्य केंद्रांसाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या आणि २०१२ मध्ये सुधारलेल्या मानकांत नागरिकांची सनद दर्शनी भागात लावावी, असे स्पष्टपणे म्हटले आहे. त्यानुसार ती लागलेलीही असते. पण तिच्यावर जे लिहिलेले असते ते कायमचे असते, आणि रुग्णाला जे हवे असते ते आजचे असते. ‘येथे श्वानदंशाची लस मिळेल’ हे वाक्य भिंतीवर रंगवून अनेक वर्षे झाली असतील. आज शीतपेटीत लस आहे की नाही, याविषयी भिंत मुकी आहे.

श्वानदंशाचेच उदाहरण घेतले तर या मौनाची किंमत नीट कळते. ही लस एकदा टोचून भागत नाही. दंडाच्या त्वचेत द्यायच्या पद्धतीत पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यावे लागते. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, आणि ते पुष्कळदा मोठ्या रुग्णालयातच मिळते. ते रुग्णालय कोणते, तेथे रविवारी कोण असते, जाण्यापूर्वी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची असते, या चार गोष्टी वेळेवर कळल्या तर मूल वाचते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर वैद्यकशास्त्रापाशी जवळजवळ काहीच उपाय उरत नाही. म्हणजे येथे माहिती ही उपचाराची प्रस्तावना नाही, ती उपचाराचाच भाग आहे. सर्पदंश, अडलेली बाळंतपणे यांचीही गोष्ट तीच. कोकणात महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. पण गोळी कोठे मिळते हे ठाऊक नसलेल्याच्या दृष्टीने तो शोध लागलाच नव्हता!

कायद्याचे पाठबळ कमी आहे म्हणावे, तर तसेही नाही. माहितीचा अधिकार म्हटला की अर्ज, दहा रुपयांचा मुद्रांक आणि तीस दिवसांची प्रतीक्षा एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. वस्तुतः २००५ च्या त्या कायद्याचे चौथे कलम, कोणी न मागता माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन सरकारी कार्यालयांवर घालते. इतकेच नव्हे, तर ही माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने पोचवावी, असेही ते सांगते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तर पहिलाच हक्क माहितीचा आहे. खाजगी शुश्रूषागृहांनी आपले दर दर्शनी भागात लावावेत, असे राज्याच्या २०२१ च्या नियमांनी फर्मावले आहे. त्याचे पालन कितपत होते हा निराळा विषय; पण दुसऱ्याला फलक लावण्याची आज्ञा करणाऱ्या शासनाने आपला फलक आधी पुसून पाहावा, एवढे म्हणणे गैर ठरू नये.

‘स्थानिक भाषा’ हे शब्द येथे मुद्दाम लक्षात घ्यावेत. मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया, धडगाव-अक्कलकुव्याला भिली व पावरी बोलली जाते. पण दूर कशाला जावे? मराठी मुलखातल्या फलकांवरची मराठी तरी मराठी माणसाला कोठे कळते? ‘संदर्भ सेवा उपलब्ध’ या शब्दांचा अर्थ ‘आम्हांला जमले नाही तर मोठ्या दवाखान्यात पाठवू’ असा आहे, हे किती जणांच्या ध्यानात येईल? ‘बाह्यरुग्ण’ म्हणजे बाहेर बसवलेला रुग्ण अशी कोणी समजूत करून घेतली, तर दोष त्याचा नाही. महाराष्ट्रातील साक्षरता २०११ च्या जनगणनेनुसार ८२ टक्क्यांवर गेली, स्त्रियांची सुमारे ७६ टक्के होती. साक्षरालाही न कळणारी भाषा आणि निरक्षराला न वाचता येणारा फलक, या दोहोंच्या कात्रीत जी सापडते ती बहुधा वयस्क स्त्री असते. दवाखान्याची गरज तिलाच अधिक.

मग हे घडत का नाही? खर्चाची सबब टिकणारी नाही. रोजचा फलक लिहिण्यास खडू लागतो, आणि तेवढा पैसा रुग्ण कल्याण समितीपाशी असतो. माहिती नाही म्हणावे, तर औषधांचा साठा ‘ई-औषधी’ या संगणकीय प्रणालीत नोंदवला जातो. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याला जे दिसते ते केंद्राच्या ओट्यावर बसलेल्या रुग्णाला दिसत नाही, एवढाच फरक. खरे कारण वेगळे आहे. खरा फलक हा कबुलीजबाब असतो. ‘सर्पदंशाची लस आज नाही’ असे एकदा तारखेसह लिहिले की ती का नाही, मागणी केव्हा केली, ती कोणाच्या टेबलावर अडली, हे प्रश्न ओघानेच येतात. मोघम फलक कोणालाही अडचणीत आणत नाही, म्हणून तो सर्वांना सोयीचा वाटतो.

यात वैद्यकीय अधिकाऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. साधारण तीस हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र असावे, असा दंडक आहे. एवढ्या लोकांचा रोष प्रत्यक्ष झेलायचा त्यानेच. औषधांची खरेदी मात्र त्याच्या हाती नाही. तुटवड्याची पाटी लावून तो लोकांच्या शिव्या खाईल आणि वरून ‘केंद्राची बदनामी केली’ म्हणून ताशेराही ओढवून घेईल. तेव्हा त्याच्यावर खऱ्या फलकाची सक्ती करण्यापूर्वी वरिष्ठांनी त्याला अभय दिले पाहिजे. नाही ते ‘नाही’ असे लिहिणाऱ्यास शिक्षा नव्हे, तर ते लपवणाऱ्यास जाब, असा उलटा क्रम लागल्याशिवाय कोणताही डॉक्टर खडू हाती घेणार नाही.

हा प्रश्न नवा नाही. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर आगगाडीतून पडून डोक्याला गंभीर जखमी झाला. प्राथमिक केंद्रात सोय नव्हती म्हणून त्याला पुढे पाठवण्यात आले, आणि मग खाट नाही, यंत्र नाही असे ऐकत तो एकामागून एका सरकारी रुग्णालयाच्या दारातून परतला. अखेर खाजगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये खर्चून त्याने उपचार घेतले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली. त्या निकालाचा अधिक मोलाचा भाग पुढे आहे: कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे एका ठिकाणाहून कळेल आणि रुग्णाला थेट तेथेच पाठवता येईल, अशी मध्यवर्ती व्यवस्था असावी, असे न्यायालयाने सांगितले आणि इतर राज्यांनीही त्या दिशेने पावले टाकावीत असे सुचविले. चोवीस वर्षांनी, २०२० च्या साथीत, मुंबई महापालिकेने चोवीस प्रभागांत नियंत्रण कक्ष उघडले आणि खाटा वाटून देण्याचे काम तेथून होऊ लागले. ही गोष्ट अशक्य आहे असे तोपर्यंत प्रत्येक जण म्हणत होता. साथ सरली आणि ती पुन्हा अशक्य झाली!

खेड्यात इतका खटाटोपही नको. हजार वस्तीमागे एक आशा कार्यकर्ती नेमलेली आहे आणि तिच्या हाती फोन आहे. सकाळी दवाखाना उघडताना औषध वाटणाऱ्याने पाच ओळी लिहाव्यात: आज डॉक्टर कोण, किती वाजेपर्यंत, कोणती लस आहे, कोणती नाही, कोणती तपासणी होईल, जे नाही ते जवळ कोठे मिळेल, रात्री गाडीसाठी १०८, बाळंतिणीसाठी १०२. त्याच पाच ओळी आशांच्या फोनवर जाव्यात. जेथे फोनची रेंज नाही तेथे दवंडी अजून बंद पडलेली नाही, बाजाराचा दिवसही आठवड्याला येतोच. अर्थात आशांना कामागणिकही मोबदला मिळतो. हे आणखी एक काम फुकट त्यांच्या माथी मारले गेले तर ते होणार नाही, आणि होऊही नये.

प्राथमिक केंद्रे जिल्हा परिषदांच्या ताब्यात आहेत. एखाद्या परिषदेला एका तालुक्यात हे सुरू करून पाहण्यासाठी मंत्रालयाकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. फलकाखाली त्या दिवसाची तारीख आणि लिहिणाऱ्याची सही एवढी एकच अट घातली, तरी तिसऱ्या दिवशी जुनी तारीख पाहून कोणी तरी विचारील.