जुन्या खुर्चीला घरची खोळ

पुण्याच्या नारायण पेठेतले वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, तशा तिथल्या सागवानी खुर्च्या गावाकडच्या नातेवाइकांच्या ओसरीवर येऊन बसल्या. आमच्याकडेही एक आली. सांगाडा खणखणीत, पण गादीचे कापड विरलेले, काथ्या बाहेर डोकावणारा. गादी नव्याने मढवायची तर कारागीर हवा. सुटी खोळ मात्र घरच्या पायमशीनवर शिवता येते आणि धुताही येते. शेतातून आलेला माणूस तसाच खुर्चीत बसणार, हे धरूनच चालावे!

पण आधी खुर्ची उलटी करून पाहावी. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर लाकडात किडा आहे, सुताराला दाखवावी. सांध्यांत आणि शिवणीत काळे ठिपके असतील तर ढेकूण समजावेत. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. कपाशीचे औषध उरले आहे म्हणून ते खुर्चीवर किंवा खाटेवर कदापि फवारू नका. शेतात ते उन्हावाऱ्याने ओसरते, घरातल्या गादीत मात्र मुरून राहते, आणि त्याच गादीला तोंड लावून लेकरू निजते. एंडोसल्फान तर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभर बंद झाले. तसली जुनी बाटली कोनाड्यात असेल तर उघडू नका, कृषी विभागात विचारा. ढेकणांसाठी लाकडाच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे, खुर्ची कडक उन्हात वाळवावी आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहावे, कारण अंड्यांतून पिल्ले निघतात.

आता कापड. नारायण पेठेच्या कडेने जाणाऱ्या लक्ष्मी रस्त्यावर भारी कापड पुष्कळ. आपल्याला जाड मांजरपाट किंवा खादी पुरे. जुने लुगडे बैठकीला वापरू नये, ताणाने फाटते. त्याचे काठ मात्र खालच्या झालरीला शोभतात. सुती कापड धुतल्यावर आटते, म्हणून रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावे.

बेतण्यासाठी वर्तमानपत्राचे कागद खुर्चीवर टाचून पाठ, बैठक आणि बाजू यांचे नमुने काढावेत. (केसरीवाडा नारायण पेठेतलाच, तेव्हा कागद केसरीचा असल्यास उत्तमच!) शिवणीला चहूकडून दीड सेंटिमीटर जास्त धरावे. बैठक आणि पाठ जिथे मिळतात तिथे मात्र दहा सेंटिमीटर कापड सोडून ते फटीत खोचावे. ही खोच नसेल तर माणूस बसला की खोळ वर ओढली जाते आणि शिवण उसवते. तुकडे उलट्या बाजूने खुर्चीवरच टाचावेत, धावदोरा घालावा, एकदा बसून पाहावे, मगच मशीन चालवावे. गोधडी शिवणाऱ्या हाताला यात अवघड काही नाही. पाठीमागे शिवण बंद न करता नाड्या लावाव्यात, म्हणजे खोळ सहज निघते. उरलेल्या कापडाच्या हातांवर घालायला दोन टोप्या कराव्यात. तेलकट डाग आधी तिथेच पडतात.