विश्लेषण : सौर पंपाच्या पेटीतले सॉफ्टवेअर सुट्या भागांचे का हवे?

विजेच्या पंपाचा स्टार्टर बिघडला तर तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो. सौर पंपाचा कंट्रोलर बिघडला तर कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. हा फरक फक्त सुटे भाग मिळण्या-न मिळण्याचा नाही, पेटीतल्या सॉफ्टवेअरच्या रचनेचाही आहे. हमीची पाच वर्षे संपण्याआधीच त्याचा विचार व्हायला हवा.

यवतमाळसाठी हा प्रश्न का महत्त्वाचा?

कापूस, सोयाबीन आणि तूर ही यवतमाळ जिल्ह्याची मुख्य पिके. शेती बहुतांशी पावसावरची. ज्यांच्याकडे विहीर किंवा बोअर आहे, त्यांचे हरभऱ्या-गव्हाचे ओलीत पंपावर अवलंबून असते. कृषिपंपाला रात्री मिळणारी वीज हे इथले जुने दुखणे. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात तर रात्री ओलितासाठी शेतात जाणे म्हणजे वाघाची भीती. २०१८ मध्ये अवनी वाघिणीच्या प्रकरणामुळे ती देशभर कळली. दिवसा, स्वतःच्या शेतात, उन्हावर चालणारा पंप हा त्यावरचा सरळ उपाय होता.

केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली, तर राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ मध्ये. राज्याच्या योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. जमिनीच्या प्रमाणात ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. पॅनेल मात्र २५ वर्षे टिकेल असे धरलेले असते. मग उरलेल्या २० वर्षांत पॅनेल आणि मोटार यांच्यामध्ये असलेली कंट्रोलरची पेटी कोण सांभाळणार?

पेटीत नेमके काय चालते?

जुन्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर, रिले, कपॅसिटर असे वेगवेगळे भाग असत. रिले जळला तर रिले बदलायचा, बाकी स्टार्टर तसाच. दारव्हा, दिग्रस, पुसद किंवा वणीत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात हे काम तासाभरात होते.

सौर कंट्रोलरमध्ये यातली बरीच कामे एका लहानशा चिपवर चालणारे सॉफ्टवेअर करते. ऊन क्षणाक्षणाला बदलते, त्यातून जास्तीत जास्त वीज कशी काढायची ते ते ठरवते. त्यानुसार मोटारीचा वेग कमी-जास्त करते. विहिरीतले पाणी संपले तर मोटार बंद करते. शिवाय मोबाइलच्या जाळ्यावरून पंपाची माहिती सर्व्हरकडे पाठवते. पीएम-कुसुममध्ये ही दूरदेखरेख आवश्यक आहे.

ही कामे एकाच वेळी चालतात, पण सगळ्यांची निकड सारखी नसते. कोरडी चाललेली मोटार ताबडतोब थांबायला हवी. सर्व्हरला माहिती दहा मिनिटे उशिरा गेली तरी काही बिघडत नाही. कोणत्या कामाला कधी वेळ द्यायचा हे ठरवणाऱ्या छोट्या प्रणालीला ‘एम्बेडेड ऑपरेटिंग सिस्टीम’ म्हणतात. मोबाइलमधल्या अँड्रॉइडला गिगाबाइटमध्ये जागा लागते. ही प्रणाली काही किलोबाइटमध्ये मावते.

मॉड्युलर रचना म्हणजे काय?

असे सॉफ्टवेअर दोन प्रकारे लिहिता येते. पहिल्या प्रकारात मोटार, संरक्षण आणि मोबाइल मोडेम यांचा कोड एकमेकांत गुंतलेला असतो. सुरुवातीला हे स्वस्त आणि झटपट पडते. पण मोडेमचे मॉडेल बदलले की सगळा कोड पुन्हा लिहून तपासावा लागतो. तो लिहिणारा अभियंता नोकरी सोडून गेला असेल तर त्याला हात लावायलाही कोणी धजत नाही.

दुसरा प्रकार मॉड्युलर, म्हणजे सुट्या भागांचा. यात प्रत्येक कामाचा भाग वेगळा असतो आणि भागांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे नियम ठरलेले असतात. मोडेमचा भाग बदलला तरी मोटारीच्या भागाला धक्का लागत नाही. फ्रीआरटॉस ही २००३ पासून वापरात असलेली प्रणाली गाभा अगदी लहान ठेवते आणि बाकीचे भाग गरजेप्रमाणे जोडू देते. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१६ मध्ये सुरू झालेली झेफर प्रणाली याच्याही पुढे जाते. कोणते भाग हवेत याची निवड एका जागी असते, कोणत्या सर्किटवर ते चालणार याचे वर्णन दुसऱ्या जागी. चिप बदलली तर मुख्यतः वर्णन बदलायचे, मूळ काम तसेच राहते. या दोन्ही प्रणाली मुक्त परवान्याखाली आहेत आणि त्यांना शुल्क पडत नाही. त्यामुळे मॉड्युलर रचना महाग पडते ही सबब आता फारशी टिकत नाही.

मंगळावर काय घडले?

या रचनेचा फायदा १९९७ मध्ये मंगळावर दिसला. नासाचे पाथफाइंडर यान ४ जुलैला उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाच्या नोंदी करणारे कमी महत्त्वाचे काम एक सामाईक साधन धरून बसत होते. मध्यम महत्त्वाची कामे मध्येच घुसत आणि सर्वांत निकडीचे काम ताटकळत राही. मग देखरेख करणारी यंत्रणा काही तरी बिघडले असे समजून सगळेच पुन्हा सुरू करत असे.

अडवणाऱ्या कामाला तात्पुरते वरचे महत्त्व देऊन मोकळे करण्याची सोय यानाच्या व्हीएक्सवर्क्स प्रणालीत होतीच, फक्त ती बंद होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरून ती सुरू केली आणि यान सुरळीत चालू लागले. दोष नेमक्या एका जागी सापडला आणि तेवढ्याच जागी दुरुस्त झाला. घाटंजीच्या शेतातल्या पंपाची दुरुस्तीही अशी व्हायला काय हरकत आहे?

मग मॉड्युलर केले की झाले?

नाही. त्याआधीच्याच वर्षी, ४ जून १९९६ रोजी, युरोपचे एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला सॉफ्टवेअरचा एक भाग एरियन-४ मधून जसाच्या तसा उचलला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. तो आकडा त्या भागाने राखलेल्या जागेत मावला नाही आणि मुख्य व पर्यायी अशा दोन्ही यंत्रणा बंद पडल्या. कडी म्हणजे, उड्डाणानंतर त्या भागाची गरजच नव्हती.

म्हणजे सुटा भाग दुसरीकडे बसवताना त्याच्या मर्यादाही सोबत लिहून जायला हव्यात. किती व्होल्टेजपर्यंत, किती तापमानापर्यंत, कोणत्या मोटारीसाठी. यवतमाळच्या मे महिन्यातल्या उन्हात पत्र्याच्या बंद पेटीचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच वर जाते. थंड प्रदेशात तपासलेला भाग इथे तपासल्याशिवाय चालेल असे गृहीत धरता येत नाही.

शेतकऱ्याला प्रत्यक्ष फायदा काय?

पहिला मुद्दा मोबाइलच्या जाळ्याचा. पंपाच्या आयुष्यात ही जाळी बदलतात. जिओचे जाळे सुरुवातीपासून ४जीचे, त्यावर २जी मोडेम चालत नाही. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने ३जी सेवा गुंडाळली. ज्या पेटीत मोडेम आणि मोटारीचा कोड एकत्र गुंतलेले आहेत, तिथे जाळे बदलले की अख्खी पेटी बदलण्याची वेळ येऊ शकते. सुट्या रचनेत एक लहान भाग बदलला की पुरते.

दुसरा मुद्दा दुरुस्त्या दुरून पाठवण्याचा. सौर पंपाला ढग आला की वीज नाही. नवे सॉफ्टवेअर उतरत असतानाच वीज गेली तर पेटी निकामी होऊ नये म्हणून चांगल्या रचनेत जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरसाठी दोन वेगळ्या जागा असतात. नवे नीट सुरू झाले नाही तर पेटी आपोआप जुन्यावर परतते. कंट्रोलर घेतानाच ही सोय आहे की नाही हे विचारायला हवे.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. कंपनीने धंदा बंद केला किंवा जिल्ह्यातले सेवाकेंद्र हलवले तर? बोलण्याचे नियम जाहीर असतील तर दुसरी कंपनी किंवा तालुक्यातला प्रशिक्षित तंत्रज्ञ तो भाग बदलू शकतो. नसतील तर चांगले पॅनेल आणि चांगली मोटार असूनही हरभरा सुकतो.

कंपन्यांचे आक्षेप कोणते?

कोणीही पेटीत हात घातला तर मोटार जळेल आणि दोष कंपनीवर येईल, हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर सगळे कुलूपबंद करणे हे नव्हे. मोटारीच्या संरक्षणाचा भाग फक्त कंपनीच्या डिजिटल सहीनेच बदलावा, संपर्काचा आणि नोंदींचा भाग खुला ठेवावा. हे मॉड्युलर रचनेतच शक्य होते. कोणता भाग कधी बदलला आणि कोणी बदलला याची नोंद पेटीतच राहिली तर हमीचे वादही कमी होतील.

सुट्या रचनेला थोडी जास्त मेमरी लागते, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे, पण पॅनेल, मोटार आणि पाइप धरून पंपाला जो खर्च येतो, त्यापुढे तो वाढीव खर्च किरकोळ आहे.

सरकारने काय करायला हवे?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती अवजारेही आहेत. सौर पंपाचा मोठा खर्च अनुदानातून होतो, म्हणजे खरा ग्राहक सरकारच आहे. त्यामुळे कायद्याची वाट न पाहता निविदेतच चार अटी घालता येतात : संपर्काचा भाग वेगळा आणि बदलता येण्याजोगा असावा, बोलण्याचे नियम जाहीर असावेत, बिघाडाचा कोड मराठीतल्या अर्थासह पेटीवर छापलेला असावा, हमी संपताना किंवा कंपनी बंद पडताना दुरुस्तीची कागदपत्रे महावितरणकडे जमा व्हावीत.

याला जोड हवी ती माणसांची. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना कंट्रोलरचा भाग कसा ओळखायचा आणि कसा बदलायचा हे शिकवले, तर गावातच रोजगार उभा राहील. त्यासाठी आधी पेटी उघडता येण्यासारखी हवी. मागेल त्याला पंप देणे हे अर्धेच काम झाले. बिघडेल त्याचा पंप गावात दुरुस्त व्हावा, हे उरलेले अर्धे पहिल्या पंपांची हमी संपण्याआधी व्हायला हवे.