गिरगावातील अज्ञात आवाज

१९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढाऱ्यांची धरपकड होऊन वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली असताना, उषा मेहता या अवघ्या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीने आपल्या सहकाऱ्यांसह चौपाटीनजीकच्या एका इमारतीतून ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त केंद्र सुरू केले. आणि पोलिसांचा ससेमिरा चुकवीत ते यंत्र लॅबर्नम रस्ता, सँढर्स्ट रस्ता, गिरगावातील पारेखवाडी, महालक्ष्मी असे बिऱ्हाड बदलीत राहिले. आष्टी-चिमूरच्या रयतेवरील अत्याचारांची जी वार्ता सरकारने दडपली होती, ती ४२.३४ मीटरवरून देशाला ऐकविली गेली, हे या केंद्राचे सर्वांत मोठे कार्य होय, असे आम्हांस वाटते. १२ नोव्हेंबर रोजी धाड पडली, यंत्रसामग्री जप्त झाली आणि उषाबाईंना चार वर्षांची सजा झाली.

त्यांचे नाव इतिहासात राहिले, १९९८ साली पद्मविभूषणही लाभले. परंतु अशा कार्यासाठी ज्यांनी आपल्या खोल्या दिल्या, निरोप पोहोचविले, त्यांतील बहुतेकांची नोंद कोणत्याही दप्तरी नाही, याचा आम्हांस मनस्वी खेद होतो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील ज्या वाचकांच्या घरी त्या काळातील पत्रे, रोजनिश्या वा तुरुंगाचे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत जाण्यापूर्वी आमच्याकडे अवश्य धाडावेत.