सेवा कोणाच्या सोयीची?

भ्रमणध्वनी कंपन्यांनी कधीही न योजलेली, तरीही घराघरांत रुजलेली एक सेवा म्हणजे ‘मिस्ड कॉल’. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले, तरी करणाऱ्याला पैसे मोजावेच लागत. आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, गुलमंडीवरची खरेदी आटोपली की घरी एक घंटी द्यायची, निरोप पोहोचला! ना जाहिरात, ना प्रशिक्षण. गरज समाजाची होती आणि युक्तीही समाजाचीच.

याउलट उदाहरण विचार करावयास लावणारे आहे. २००७ साली ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा महाराष्ट्रात सुरू झाली. बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला मराठी लघुसंदेशांतून थेट शेतकऱ्याच्या हाती! कल्पना स्तुत्य, भाषाही आपली. मात्र फाफशां आणि मिन्टन या अर्थतज्ज्ञांनी राज्यातील १०० गावांत पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरासरी भावात लक्षणीय फरक दिसला नाही. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला.

असे का व्हावे? वैजापूरच्या कांदा उत्पादकाला लासलगावचा चढा भाव कळला, तरी वाहनाचे भाडे कोण देणार? ओळखीच्या आडत्याकडून घेतलेली उचल कशी फेडणार? केरळच्या मच्छीमारांना मात्र याच भ्रमणध्वनीने हात दिला. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासात त्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. नाव त्यांच्या हाती होती. भाव कळताच ती दुसऱ्या किनाऱ्याकडे वळविता येत होती. शेतकऱ्याला माहिती मिळाली, वळण्याची मोकळीक मिळाली नाही. दोष तंत्रज्ञानाचा नव्हे, आणि शेतकऱ्याच्या तथाकथित अडाणीपणाचा तर मुळीच नव्हे.

पैशांच्या व्यवहारातही हेच घडले. साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय चालणारी *९९# ही सेवा २०१४ मध्ये देशभर आली. यूपीआय २०१६ मध्ये. वस्तुतः पहिली गरिबाला अधिक जवळची. परंतु आकडे दाबत एकेक पायरी चढायची, मध्येच संपर्क तुटायचा, वर शुल्क. ते २०२२ मध्ये रद्द झाले. तोवर भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड लागले होते, आणि पैसे जमा झाल्याची ग्वाही छोटा ध्वनिक्षेपक मोठ्याने देऊ लागला होता. विक्रेत्याला आणखी काय हवे?

साध्या फोनसाठी २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३ पे’ आणण्यात आले. कन्नड, सोयगावच्या डोंगराळ गावांत ते रुजवायचे, तर योजनाकर्त्यांनी आधी तेथील किराणा दुकानदारापुढे तासभर बसावे. पैसे आले, यावर त्याचा विश्वास कशाने बसतो, ते तेथेच कळेल.