वस्ती कोणाची, सोसायटी कोणाची?

भारतातील सहकारी गृहनिर्माणाचा इतिहास मुंबईच्या गावदेवी भागापासून सांगितला जातो. १९१५ साली तेथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीची नोंदणी झाली. भाडेकरू म्हणून राहणारी माणसे एकत्र येऊन, भांडवल उभारून, आपल्या इमारतीची सामूहिक मालक होऊ शकतात, हे या देशाने तेव्हा पाहिले. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे नाव या चळवळीशी निगडित आहे आणि त्यांच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे काही कारण नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाटीवाटीचे भीषण रूप उघडे पाडले होते. घरमालकांच्या मनमानीला नोकरदार वर्ग कंटाळला होता. त्या परिस्थितीत सहकार हे उत्तर शोधणे दूरदृष्टीचेच होते. मात्र एक गोष्ट घाईने ओलांडली जाते. या देशातील पहिल्या गृहनिर्माण सोसायटीचे सभासदत्व हे एका जातीचे सभासदत्व होते. तोच साचा पुढे शहराच्या उत्तरेकडील नव्या उपनगरांत वापरला गेला. जातीच्या, पंथाच्या, भाषेच्या नावाने सोसायट्या निघाल्या, त्यांना जमिनी मिळाल्या, आणि गावातील आळीची रचना नोंदणीकृत उपविधींच्या आधाराने महानगरात येऊन बसली.

शहरात जात विरघळते असे आपण वर्गात शिकवतो. ते अर्धेच खरे आहे. गिरणीत, आगगाडीत, बाजारात ती काहीशी सैल झाली. घराच्या उंबऱ्यावर मात्र तिने आपले ठाणे सोडले नाही. बाबासाहेबांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला आणि लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. नोकरी होती, पदवी होती, पगार होता. घर तेवढे नव्हते आणि त्यापायी नोकरीही गेली. लंडनहून डी. एस्‌सी. आणि बॅरिस्टर होऊन परतल्यावरही अनेक वर्षे ते परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. दादरचे ‘राजगृह’ त्यानंतरचे.

ज्या काळात सोसायट्यांना भूखंड मिळत होते, त्याच काळात आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला चाळीतील खोली आली. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी आणि लोअर परळ येथे २०७ चाळी बांधल्या. आपण त्यांना बीडीडी चाळी म्हणतो. १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास. या चाळींनी आंबेडकरी चळवळीला कार्यकर्ते दिले, शाहीर दिले, हे खरेच आहे. पण त्या चाळींत राहणारा माणूस भाडेकरू होता आणि सोसायटीत राहणारा मालक. तीन पिढ्यांनंतर या फरकाचे केवढे अंतर होते, हे मुंबईतील जमिनीचे भाव पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. विषमतेची चर्चा आपण बहुधा पगार आणि नोकऱ्या यांच्या भाषेत करतो. महानगरात ती त्याहून अधिक, घर वारशाने मिळाले की नाही, या एका प्रश्नावर ठरते.

हा केवळ भूतकाळ नाही. अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निकाल दिला. केवळ पारशी व्यक्तींनाच सभासदत्व देणारा उपविधी न्यायालयाने वैध ठरविला. संघटना स्थापण्याच्या मूलभूत स्वातंत्र्याचा आधार त्यात घेतला गेला. पारशी समाज संख्येने अल्प आहे, त्याला आपले अस्तित्व टिकविण्याची चिंता आहे, हे समजण्यासारखे आहे. परंतु तत्त्व एकदा मान्य झाले की ते अल्पसंख्याकांपुरते राहत नाही. ज्याच्या हाती शहराची उत्तम जमीन आहे, तोही त्याच स्वातंत्र्याचे नाव घेऊन दार लावून घेतो. आता तर उपविधीत तसे लिहावेही लागत नाही. ‘येथे शाकाहारी कुटुंबच हवे’ एवढे म्हटले की पुरते. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नाकारले जाते किंवा जाचक अटी घालून घर दिले जाते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या विद्यालयातून बाहेर पडून पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या मुलामुलींना हा अभ्यास वाचण्याची गरज नाही. पूर्ण नाव सांगितल्यावर ‘खोली कालच गेली’ हे उत्तर त्यांनी ऐकलेले असते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीरपणे घ्यावा लागेल. वेगळ्या वसाहतींची मागणी आपणच केली नव्हती काय? केली होती. १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांचा ठराव झाला आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये बाबासाहेबांनी त्यासाठी सेटलमेंट कमिशनची मागणी मांडली. त्याआधी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहे काढली. जातिभेद मोडू पाहणारा राजा जातवार वसतिगृहे काढतो, याचे काहींना आश्चर्य वाटते. पण ज्यांना कोणत्याच खाणावळीत पान मिळत नव्हते, त्यांच्या शिक्षणाची सोय आधी करणे भाग होते. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले, त्यामागेही हीच निकड होती. आपले निवासी विद्यालय त्याच परंपरेतील आहे. ज्याला बाहेर ठेवले आहे त्याने निवारा उभारणे आणि ज्याच्याजवळ सर्व काही आहे त्याने कुंपण घालणे, या दोन कृतींना कायद्यात एकच नाव असले तरी त्यांचा इतिहास एक नाही.

आता वस्त्यांकडे येऊ. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. या वस्त्या कोणी वसवल्या? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेल्या माणसांनी खाडीत भराव घातला, दलदल भरली, डोंगरउतारावर पायऱ्या खोदल्या, नळासाठी मोर्चे काढले, एका खोलीत बालवाडी भरवली आणि दुसरीत बुद्धवंदना घेतली. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. त्या वस्तीने एवढी किंमत मोजली, ती केवळ पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध नव्हती. आपण वसवलेल्या जागेत आपल्याला मानाने राहता आले पाहिजे, हा आग्रह त्यामागे होता. समुदायाने पुढाकार घेऊन केलेले गृहनिर्माण म्हणतात ते हेच. फक्त त्याला नोंदणी क्रमांक नव्हता.

१९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने तो नोंदणी क्रमांक दिला. झोपडीधारकांची सहकारी संस्था, तिचा मुख्य प्रवर्तक, तिने नेमलेला विकासक, पात्रतेसाठी परिशिष्ट-२, आणि प्रकल्पाला ७० टक्के झोपडीधारकांची संमती. ही संमतीची अट पुढे ५१ टक्क्यांवर आली. कागदावर पाहिले तर गावदेवीच्या सोसायटीतील आणि या सोसायटीतील सभासदाचा दर्जा एकच. व्यवहारात अनेक ठिकाणी विकासक आधी येतो आणि सोसायटी नंतर जन्मते. प्रवर्तक कोण असावा, हेही तोच ठरवतो. विक्रीच्या इमारतीत किती मजले आणि किती नफा, हे सभासदांना कळत नाही. त्यांना संक्रमण शिबिराच्या भाड्याचा धनादेश कधी येणार एवढेच विचारता येते. २२५ चौरस फुटांचे घर २६९ झाले, पुढे ३०० झाले. निर्णयाचा अधिकार मात्र एका फुटानेही वाढला नाही. सोसायटीचे रूप गरिबाला मिळाले आणि तिची सत्ता दुसऱ्याच्या हाती राहिली, अशी माझी या योजनेविषयीची मुख्य तक्रार आहे. फुकट घर ही कल्पनाच या दृष्टीने घातक ठरली. फुकट घेणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क नाही, असे सगळ्यांनी गृहीत धरले. त्यात स्वतः घेणारेही आले.

त्याचे परिणाम शरीरावर दिसतात. मानखुर्द-गोवंडी परिसरातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केला. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि क्षयरोगाचा संबंध या रचनेशी आहे, असे त्यातून पुढे आले. झोपडीला निदान दार उघडले की गल्ली होती.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. भायखळ्याच्या पदपथावर राहणाऱ्या स्त्रियांनी १९८० च्या दशकात ‘महिला मिलन’ उभे केले. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला होता. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे न्यायालयाने मान्य केले, पण पदपथावरून हटविण्याला मनाई केली नाही. या स्त्रियांनी न्यायालयाच्या दारात बसून राहण्यापेक्षा वेगळे काम हाती घेतले. ‘स्पार्क’ या संस्थेच्या मदतीने आपली गणना आपणच केली. रोज थोडी बचत सुरू केली. घर कसे हवे याची चर्चा करून खऱ्या मापाचे नमुने उभारले आणि ते लोकांना पाहायला ठेवले. चौदा फूट उंचीची एक खोली आणि तिच्यात पोटमाळा, ही रचना वास्तुशास्त्राच्या पदवीतून निघालेली नाही. स्वयंपाक, मुले आणि झोप एकाच जागेत सांभाळणाऱ्या बायकांच्या हिशेबातून निघाली आहे. मानखुर्दला त्यांनी उभारलेले मिलन नगर आजही आहे.

दुसरे उदाहरण सोलापूरचे. विडी कामगार स्त्रियांनी कॉ. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने गृहनिर्माण संस्था काढली आणि माजी आमदार कॉ. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा दिला. शहराबाहेर कुंभारीच्या माळावर १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली घरे ताब्यात मिळाली. पुढे असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचे रे नगर हाती घेतले गेले आणि त्यातील १५,००० घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झाले. केंद्र आणि राज्य सरकारचे अनुदान होते, पण कामगाराचा स्वतःचा वाटाही होता, आणि म्हणून प्रश्न विचारण्याचा अधिकार होता. शहरापासूनचे अंतर ही या वसाहतींची उणीव आहे. रोजगार शहरात आणि घर माळावर, ही ओढाताण गरिबाच्याच नशिबी का, हा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. तरीही महत्त्वाची बाब ही की तेथे सभासद जातीवरून नव्हे, कामावरून ठरला.

या दोन्ही उदाहरणांत आंबेडकरी संघटना अग्रभागी नाहीत, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिणे आवश्यक आहे. वस्तीला नाव देणे, कमान उभारणे, जयंतीची वर्गणी काढणे यांत आपण कुठेही कमी पडलो नाही. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण अहवाल, विकासकाशी झालेला करारनामा यांच्याकडे मात्र पाठ फिरवली. आपल्यातील शिकलेला, पगारदार माणूस वस्तीतून निघून चांगल्या सोसायटीत गेला आणि तेथे आडनाव झाकून राहू लागला. करारनामा वाचू शकणारा तोच होता. आज बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. रमाबाई नगराचाही प्रकल्प सरकारी यंत्रणांनी हाती घेतला आहे. हजारो समाजबांधव कागदांवर सह्या करीत आहेत. पुढच्या पन्नास वर्षांचा वारसा या सह्यांत आहे.

म्हणून विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांपुढे या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन सूचना ठेवतो. जे वकील, अभियंते, लेखापाल झाले आहेत, त्यांनी महिन्यातील एक रविवार पुनर्विकासातील वस्त्यांना द्यावा. संमतिपत्र, परिशिष्ट-२ आणि करारनामा मोठ्याने वाचून दाखवावा, विशेषतः स्त्रियांच्या बैठकीत. सोसायटीच्या समितीवर त्यांची नावे केवळ राखीव जागा भरण्यासाठी राहू नयेत. दुसरी सूचना लहान आहे. नोकरीसाठी मुंबईत प्रथमच जाणाऱ्या आपल्या मुलींसाठी आठ-दहा खोल्यांचे सहकारी वसतिगृह भाड्याच्या जागेतही सुरू करता येईल. १९२५ साली सोलापुरात साधने याहून पुष्कळ कमी होती. प्रवेश गरजेवरून द्यावा, अर्जात जातीचा रकाना नसावा, आणि ही तरतूद उपविधीत पहिल्या दिवशीच लिहून घ्यावी.