मशीन घेण्याआधी कोंबडा बघा

कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत परड्यात चार-दोन कोंबड्या पाळणारी घरं अजून आहेत. कोंबडी खुडूक झाली की घरातली म्हातारी पाटीत भुसा पसरून तिला अंड्यांवर बसवायची, वर डालगं झाकायची आणि बाकीचं कोंबडीवर सोडायची. आता काही घरांत तिची जागा छोट्या इनक्युबेटरने घेतली आहे. कुणी तो विकत आणतं, कुणी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून घरीच बनवतं. हौस चांगलीच आहे. पण पहिल्या खेपेला निम्मी अंडी वाया गेली की सगळं खापर मशीनवर फुटतं आणि अंड्याची चौकशी कुणी करत नाही.

ती आधी व्हायला हवी. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, कारण लेयर फार्मवर कोंबडा नसतोच. गावरान कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणाबांड कोंबडा लागतो, आणि तोही मधूनमधून बदलावा लागतो. नात्यातल्या नात्यात वीण होत राहिली की अंडी कमी फुटतात. अंडी आठवड्याहून जुनी नकोत. ठेवताना निमुळतं टोक खाली असावं. घाण दिसली म्हणून ती धुऊ नयेत. कवचावरचा पातळ थर धुतला गेला की छिद्रांतून जंतू आत शिरतात.

मशीनचं काम तसं सरळ आहे. पंखा असेल तर ३७.५ अंश तापमान ठेवायचं आणि अठराव्या दिवसापर्यंत दिवसातून किमान तीनदा अंडी फिरवायची. सातव्या रात्री खोलीत अंधार करून अंड्याच्या रुंद टोकाला बॅटरी लावावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, मधोमध एक काळा ठिपका हलतो. ज्यात काहीच दिसत नाही, ते अंडं बाजूला काढावं.

खरी गफलत होते ती पाण्याच्या ट्रेमध्ये. पुस्तकं सांगतात, सुरुवातीला ५० ते ५५ टक्के आर्द्रता आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. पण गगनबावडा-राधानगरीकडे आषाढात हवाच ओलीचिंब असते, तिथे ट्रे आंधळेपणाने भरून कसं चालेल? अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२-१३ टक्क्यांनी उतरावं लागतं. तेव्हाच रुंद टोकाची हवेची पोकळी पुरेशी वाढते, आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं. पोकळी लहान राहिली तर पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच दगावतं. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घरात असेल तर हे नुकसान बरंच टळतं.

लाईट गेली की घाबरून झाकण उघडू नये. खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्याला उठतेच. थोडा वेळ गारवा अंडी सोसतात, जास्तीची उष्णता मात्र सोसत नाहीत. एकविसाव्या दिवशी कवच टोचलेलं दिसलं तरी बोटांनी सोलायला जाऊ नये. पिल्लाच्या पोटात बलक असतो, दोन दिवस दाणा नसला तरी त्याचं भागतं.

पुढे काय, हा विचार अंडी ठेवण्याआधीच झालेला बरा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि राणीखेतची लसही द्यावी लागते. साधारण निम्मी पिल्लं कोंबडे निघणार. इथे कोल्हापूरकरांना एक सोय आहे: आखाडात गावरान कोंबड्याला मागणी असते. तो तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात, म्हणजे अंडी पौष-माघात ठेवायला हवीत.

हौसेचा धंदा करायची घाई मात्र नको. कडकनाथच्या नावाखाली इस्लामपुरातून झालेली फसवणूक २०१९ मध्ये उघडकीस आली, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले आणि दारात पक्षी तसेच राहिले. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं चार ठिकाणी आहेत, त्यांतलं एक कोल्हापुरात. नवख्याने पहिली अंडी अशा खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावीत, आणि तीही दहा-बाराच. बॅटरीखाली अंडं कसं ओळखायचं, पिल्लाच्या डोळ्यात लसीचा थेंब कसा सोडायचा, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात महिन्यातून एक दिवस प्रत्यक्ष करून दाखवावं. त्याला वेगळा निधी लागत नाही.